गटाने जपान पाहताना: सामान, दाशी, स्नान आणि होम

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका. जपानच्या बहुतेक गटसहली याच वाटेने जातात, आणि वाट चांगलीच आहे. पण पंचवीस माणसांचा गट या वाटेवर अडतो तो सामानापाशी, जेवणापाशी आणि घड्याळापाशी. म्हणून आधी तेवढं मार्गी लावू, म्हणजे देवळात आणि स्नानगृहात मन मोकळं राहील.

शिंकान्सेन, म्हणजे जपानची वेगवान रेल्वे, १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका धावू लागली. मधल्या स्थानकांवर ती जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते. पंचवीस जण मोठाल्या बॅगा घेऊन एकाच दारापाशी उभे राहिले, तर निम्मे फलाटावरच राहतील. फलाटावर डब्याचा आणि दाराचा क्रमांक रंगवलेला असतो. गट दोन-तीन दारांना वाटा. एक जाणता माणूस सगळ्यात आधी चढावा, दुसरा सगळ्यात शेवटी. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर डब्याच्या मागच्या टोकाची खास सीट आधीच आरक्षित करावी लागते. त्याला जादा पैसे पडत नाहीत. आरक्षण नसेल तर मात्र १००० येन भरावे लागतात. आपली मोठी बॅग या हद्दीच्या आसपासच असते, म्हणून घरीच चाकांसकट मोजून घ्या.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे ताक्क्यूबिन, सामान पोचवणारी घरपोच सेवा. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरला की बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. म्हणजे एक रात्र तिच्याशिवाय काढायची. पाठीवरच्या पिशवीत एक जोड कपडे, सगळी औषधं आणि पासपोर्ट ठेवा. परदेशी पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा, असा तिथला कायदाच आहे.

परदेशी पर्यटकांसाठीच्या रेल्वे पासचा हिशेब ऑक्टोबर २०२३ नंतर बदलला. सात दिवसांचा साधा पास तेव्हा ५०,००० येनचा झाला, आणि टोकियो ते क्योटो एकेरी तिकीट १४,००० येनच्या आसपास. टोकियोत उतरून ओसाकाहून परतणाऱ्या गटाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. तिकिटं काढताना टोकियोहून जाताना उजव्या खिडकीची, म्हणजे ‘ई’ अक्षराची सीट मागा. साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फुजी पर्वत त्याच बाजूला येतो. सकाळची गाडी घ्या, कारण दुपारी तो बहुधा ढगात असतो.

आता जेवण. शाकाहारी मंडळींची खरी अडचण ताटात दिसत नाही, ती रश्श्यात असते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हा पातळ रस्सा. तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून, कात्सुओबुशीपासून काढतात. मिसो सूप, उदोन नूडल्स, तेम्पुराबरोबरची चटणी, इतकंच काय, उकडलेल्या भाज्याही त्याच पाण्यात शिजतात. ‘मांस नको’ असं सांगितलं की स्वयंपाकी तुकडे बाजूला काढून देतो, पण रस्सा तोच राहतो. त्याची यात लबाडी नसते. त्याच्या लेखी दाशी म्हणजे चव, मासा नव्हे. म्हणून नेमकं विचारा: ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का?’, म्हणजे ‘यात माशाचा दाशी आहे का?’ हेच वाक्य जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या खिशात द्या. दाशी सकाळीच करून ठेवलेला असतो, त्यामुळे दारात उभं राहून केलेली विनंती उपयोगाची नाही. आठवडाभर आधी कळवलं तर कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांचा वेगळा रस्सा करता येतो. छोट्या खानावळीत आठ-दहाच जागा असतात, तेव्हा गटाने दोन-तीन ठिकाणी विभागून जेवलेलं बरं.

रोज रात्री भारतीय बुफे ठेवणाऱ्या सहली असतात. एक-दोन रात्री त्याने पोटाला आराम मिळतो, पण रोज तेच केलं तर निम्मा जपान चाखायचा राहतो. बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी हे जेवण मूळचंच शाकाहारी आहे, त्यात कांदा-लसूणही नसतो. कंदमुळं मात्र असतात, एवढं जैन मंडळींनी आधी सांगून ठेवावं.

देवळांत एक फरक ध्यानात ठेवावा. तोरी नावाची कमान दिसली की ते शिंतो देवस्थान. तिथे आत जाताना मान लववायची आणि वाटेच्या कडेने चालायचं, कारण मधली वाट देवाची. पुढे पाण्याचं कुंड लागतं. उजव्या हातात पळी घेऊन आधी डावा हात धुवा, मग डाव्या हाताने उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा, ती बाहेरच्या बाजूला टाका, पळी ओठाला लावू नका. डावा हात पुन्हा धुवून पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी मुठीवरून ओघळून तीही स्वच्छ होते. देवापुढे नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, शेवटी एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं चांगलं समजतात, कारण ‘गो-एन’ या शब्दाचा उच्चार ऋणानुबंधासाठीच्या शब्दासारखाच आहे. बौद्ध मंदिरात मात्र टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात. टोकियोच्या सेन्सो-जी मंदिरात पर्यटकांची गल्लत होते ती इथेच.

क्योटोच्या फुशिमी इनारी या शिंतो देवस्थानाच्या लाल तोरींखाली दहा वाजता पोचलात तर फक्त माणसंच दिसतील. हे स्थान रात्रंदिवस उघडं असतं, म्हणून सातला पोचा आणि नाश्ता परतल्यावर करा.

आता ओनसेन, म्हणजे गरम झऱ्याचं स्नान. संकोचापोटी आपली मंडळी हेच टाळतात. ते टाळू नका, अशी कळकळीची विनंती आहे. पुरुष आणि स्त्रियांची स्नानगृहं वेगळी असतात. पुष्कळ ठिकाणी रात्री आणि सकाळी त्यांची अदलाबदल होते, म्हणून दारावरच्या पडद्याचा रंग आणि अक्षर दर वेळी बघा. आत कपडे नसतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंघोळ करायची, फेस नीट धुवायचा, केस वर बांधायचे, मगच कुंडात उतरायचं. कुंड अंग धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं. ते पाणी सगळ्यांचं. हातातला छोटा टॉवेल डोक्यावर किंवा काठावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचं असतं. पहिल्या खेपेला पाच-सात मिनिटं पुरेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हळूच उठावं, नाहीतर भोवळ येते. जेवल्याबरोबर किंवा मद्य घेऊन उतरू नये. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी आणि पैंजण खोलीतच काढून ठेवा. तरीही लाज वाटत असेल तर ‘काशिकिरी’, म्हणजे कुटुंबापुरतं राखीव कुंड मागा. आल्या आल्या काउंटरवर वेळ ठरवली तर ते सहसा मिळतं.

स्नानानंतर घालायला युकाता मिळतो. त्याची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी नेसवण मृतदेहाची असते, आणि ती पाहून तिथलं म्हातारं माणूस दचकतं.

नारामध्ये तोदाई-जी मंदिरातला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध सगळे पाहतात. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे रंगवण्याचा, म्हणजे प्रतिष्ठापनेचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांच्या हातात होत्या, म्हणजे पुण्यात सगळ्यांचा वाटा. गाइडने विषय काढला नाही तर तुम्ही काढा. बाहेरच्या हरणांना बिस्किट चटकन देऊन रिकामे हात दाखवा. ताटकळत ठेवलं तर ती चावतात, आणि खिशातलं तिकीटही ओढून खातात.

हिरोशिमाच्या अणुबॉम्ब-स्मृती संग्रहालयाला पूर्ण दोन तास ठेवा आणि त्यानंतर लगेच खरेदी ठेवू नका. जवळच्या मियाजिमा बेटावरच्या तोरीसाठी मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरतीला ती पाण्यात उभी दिसते, ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं.

कार्यक्रमात एखादी रात्र वाढवता येत असेल, तर ती कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावाला द्या. ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे, मग केबल कार, मग बस, असे सुमारे दोन तास लागतात. हे शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात स्थापन केलं. सुमारे ८०० मीटर उंची असल्याने थंडी ओसाकाहून बरीच जास्त, म्हणून स्वेटर हवाच. मोठ्या बॅगा ओसाकालाच ठेवा. मुक्काम मठात असतो. जेवण साडेपाच-सहाला, गादी जमिनीवर, भिंती कागदी. गुडघे दुखणाऱ्यांनी बुटकी खुर्ची आधीच मागावी. पहाटेच्या पूजेत काही मठांत ‘गोमा’ होतो. अग्नीत समिधा अर्पण करतात, मंत्र म्हणतात. गोमा हा शब्द संस्कृत ‘होम’ वरूनच आला आहे, आणि तिथल्या समाधिशिळांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली दिसतात. इथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं.

ओकुनोइन ही तिथली समाधिभूमी. उंच वृक्षांमधून दोन किलोमीटर चालत जायचं. कूकाई तिथे आजही ध्यानस्थ बसले आहेत अशी श्रद्धा आहे. आळंदी ठाऊक असलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. शेवटच्या पुलापाशी टोपी काढा, कॅमेरा आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून कूकाईंसाठी जेवण घेऊन जातात. साडेदहाच्या दहा मिनिटं आधी पुलाच्या कडेला उभे राहिलात, तर तो नैवेद्य तुमच्या समोरून जाईल.