दोन्हीला ‘हो’

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजात असताना एका सुट्टीत मी गावोगाव फिरून पाहणीचे फॉर्म भरून घेत असे. भर दुपारी एका ओट्यावर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वाचलं, “गावात पाण्याची सोय चांगली आहे. पटतं का?” आजी म्हणाल्या, “हो.” पुढच्या पानावर विधान होतं, “गावात पाण्याचे फार हाल होतात.” आजी म्हणाल्या, “व्हय तर!” मी पेन थांबवलं. “आजी, दोन्ही कसं?” सुपावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “एवढ्या उन्हाचा आलायस लेकरा. तुला नाही कशाला म्हणू?”

शेजारचे अण्णा अगदी उलटे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं “छे, छे!”

पूजेत भटजी खूण करतात आणि यजमान अर्थ न विचारता ‘मम’ म्हणून मोकळा होतो. पाहणीतही काही माणसं अशीच ‘मम’ म्हणतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पाहणीत लोकांना दोन विधानं ऐकवली होती. एक, आजच्या मुलांचं भविष्य फार छान आहे. दुसरं, पुढचे दिवस पाहता मुलांना जन्म देणंच बरं नव्हे. काहींनी दोन्हीला मान डोलावली. लेन्स्की आणि लेगेट या अभ्यासकांनी 1960 साली याचा अर्थ लावला, तो आमच्या आजींसारखाच: समोरचा शिकलेला, वरच्या थरातला, त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं?

पण हे नुसत्या भिडेचं काम नाही, आणि कमी शिकलेल्यांचा दोष तर नाहीच नाही. शिक्षण कमी असलं की हा कल वाढलेला दिसतो, हे खरं. तरी त्याच 1960 साली काउच आणि केनिस्टन यांना हार्वर्डच्या विद्यार्थ्यांतसुद्धा ‘होयबा’ आणि ‘नाहीबा’ सापडले. विषय कोणताही असो, उत्तराचा कल तोच. म्हणजे थोडा स्वभावच म्हणायचा. फॉर्म लांबला की कंटाळ्याचीही भर पडते. सातव्या पानावर विचार कोण करतो? मीही करत नाही.

गंमत आकड्यांची होते. गुन्हेगारीला परिस्थितीपेक्षा माणूस जास्त जबाबदार, असं विचारलं तेव्हा अमेरिकेत सुमारे 60 टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटापुढे तेच वाक्य उलटं करून ठेवलं, तर तिथेही सुमारे 57 टक्के हो! शूमन आणि प्रेसर यांनी 1981मध्ये ही मांडणी केली. यातला कुठला आकडा मथळ्यात छापायचा?

यावर उपाय म्हणून फॉर्म तयार करणारे निम्मी विधानं उलटी घालतात, म्हणजे होकार एकमेकांना कापतात. पण “मला कंटाळा येत नाही, हे पटत नाही” असली वाक्यं सोडवताना माणूस गोंधळतो. त्यापेक्षा विधान पटतं का, हे विचारूच नये. थेट गोष्ट विचारावी.

त्या दुपारी शेवटी मी फॉर्म मिटला आणि विचारलं, “आजी, नळाला पाणी किती दिवसांनी येतं?”

“आठव्या दिवशी,” आजी म्हणाल्या. “ते पण रातच्याला दोन वाजता.”