रफ वहीला पण मार्क द्या की!

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. पत्रिकेवर विषय लई भारदस्त छापलाय, ‘विद्यार्थ्यांना लेखनप्रक्रिया आणि चांगल्या लेखनाचे गुण कसे शिकवावेत’, आणि आपला निम्मा वेळ सत्कारातच गेला, नारळ किती झाले ते मी मोजत होते. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. पोरांना खोडायला शिकवा. बाकी जे काय आहे ते यातूनच येतं.

आता तुम्ही सगळे भाषेचे शिक्षक, पेपर तपासणारे, त्यामुळे निबंध म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार. आत्मवृत्त घ्या. जुनं पुस्तक असो, तुटकी छत्री असो नाहीतर पडका किल्ला, सगळ्यांना सवय एकच, वाटेनं चाललेल्या मुलाला हाक मारायची, ‘अरे मुला, थांब!’, मग आपली कर्मकहाणी सांगायची आणि शेवटी मुलगा दचकून जागा होतो. गठ्ठ्यातली सगळी पोरं दचकून जागी होतात हो, फक्त तपासणाऱ्याला झोप लागते. (हशा) हसू नका, हे आपणच शिकवलंय. हडपसरला सातव्या मजल्यावर राहणारी पोरगी सकाळचं वर्णन करताना लिहिते ‘कोंबड्याने बांग दिली’. कुठला कोंबडा? गाईडातला.

आणि हे होतं का, तर आपण पोराला तयार झालेलंच दाखवतो. फळ्यावर नमुना निबंध, खाली दोन रेघा, ‘उतरवून घ्या’. तो निबंध लिहिताना कुणीतरी कुठंतरी अडलं असेल, चार वाक्यं फेकली असतील, सुरुवात तीनदा बदलली असेल, हे पोराला कधी दिसतच नाही. त्याला वाटतं हुशार माणसाच्या पेनातून पहिल्या फटक्यात असंच उतरतं, आपल्या पेनातून उतरत नाही म्हणजे आपण ढ. मग गाईड घेतं, त्याचं तरी काय चुकलं?

यावरून एक किस्सा, छोटाच आहे. (केंद्रप्रमुख साहेब हसतायत, त्यांनी ऐकलाय.) मी नोकरीत असताना वर्गात रफ वही ठेवायला लावली होती, आणि पक्क्या वहीत निबंध लिहिला की रफची पानं त्यालाच स्टेपल करायची, फाडायची नाहीत. तपासणीला एक साहेब आले, नाव-गाव जाऊ दे. वही उघडली आणि चेहराच पडला, ‘बाई, ही काय खाडाखोड?’ मी म्हटलं साहेब, तेच तर शिकवतेय. पटेना. मग त्यांनी वही ज्याची होती त्या पोराला उभं केलं. निबंध आठवडी बाजाराचा. रफमध्ये पहिलं वाक्य ‘बाजारात विविध प्रकारच्या ताज्या भाज्या विक्रीस होत्या’, ते आडवं खोडलेलं, आणि वर बारीक अक्षरात ‘आईने मेथीची जुडी उचलून परत खाली ठेवली, मग बाई म्हणाली घे आठला’. साहेब म्हणाले, चांगलं वाक्य का खोडलंस रे? पोरगं म्हणालं, ‘सर, ते मी बघितलं नव्हतं, हे बघितलं होतं.’

मला वाटलं जिंकलो. साहेब पण हसले, पोराच्या पाठीवर थाप मारली, चहा घेतला, आणि जाताना शेरापुस्तकात लिहून गेले, ‘वह्या अस्वच्छ. खाडाखोड टाळावी.’ खाली सही, शिक्का. मुख्याध्यापकांनी मला तो शेरा वाचून दाखवला, वर म्हणाले बाई जरा सांभाळून. अहो, काय सांभाळू? वही काय देव्हारा आहे?

अजून एक. खोडू द्यायचं नाही आणि वर लाल पेन फिरतं ते फक्त ऱ्हस्व-दीर्घावर. साहित्य महामंडळाचे नियम मलाही पाठ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एकूण १८, आणि मी काही त्यांच्या विरोधात नाही, पण पोरानं आजी वारल्याचं लिहिलंय आणि खाली आपला शेरा ‘वेलांटी पाहा’, हे बरं दिसतं का? शुद्ध प्रत शेवटी करायची असते. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रतसुद्धा एकनाथांनी नंतर केली, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. आता पोथीत शिरलेले घोळ नकलणाऱ्यांचे होते, माऊलींचे नव्हते, नाहीतर उद्या मला कुणी धरायचं…

चिठ्ठी आली. ‘५ मिनिटे’. बघा, मुख्य विषय राहिलाच. पटापट सांगते, लिहून घ्या.

लिहिण्याआधी बोलू द्या, विषयावर गप्पा होऊ देत. मग रफ वहीत भराभर लिहायचं, तिथं शुद्धलेखन बघायचंच नाही. मग एक रात्र तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि शेजारच्यानं ‘छान आहे’ म्हणायचं नाही, एकच प्रश्न विचारायचा, ‘इथं नक्की काय झालं ते सांग ना?’ त्याचं उत्तर म्हणजे पुढचं वाक्य. मग खोडाखोड, जोडाजोड, आणि सगळ्यात शेवटी वेलांट्या. आणि तुम्ही स्वतः फळ्यावर पोरांसमोर लिहा, अडा, पुसा, त्यांना बघू द्या. हे माझं काही नवीन नाही, अमेरिकेत डोनाल्ड मरे म्हणून होते, आधी पत्रकार, १९५४ ला पुलित्झर मिळालेले, मग न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायला लागले, ते १९७२ पासून हेच सांगत होते की तयार माल शिकवू नका, करायची रीत शिकवा.

आता चांगल्या लेखनाचे गुण. तिकडंच ओरेगनमधल्या शिक्षकांनी १९८० च्या दशकात ६ धरले, आशय, मांडणी, लिहिणाऱ्याचा आवाज, शब्दांची निवड, वाक्यांचा ओघ आणि शेवटी शुद्धलेखन वगैरे नियम. आपण सहावा आधी तपासतो आणि पहिल्या पाचांना वेळ उरत नाही. आणि वाचक पाहिजे हो, नुसत्या परीक्षकासाठी कोण जीव ओतून लिहिणार? अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, तुम्ही भिंतीवर एक कागद तरी लावा.

आता तुम्ही म्हणणार साठ वह्या कोण तपासणार. एका वेळी एकच गुण तपासा, या निबंधाला फक्त आशय, पुढच्याला फक्त मांडणी, बाकीकडं डोळेझाक. आणि मार्कांचं. दहावीच्या मराठीच्या ८० मार्कांच्या पेपरात उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, बातमी, निबंध वगैरेला २४, त्यात निबंधाला ८, ते बोर्डाच्या हातात आहे, पण वर्गातली चाचणी आपल्या हातात आहे ना, तिथं ८ पैकी ३ रफ वहीला द्या. काहीच खोडलेलं नसेल तर त्या तिनातलं एकही देऊ नका. पोरं मार्कांसाठी खोटं खोटं खोडतील? खोडू देत, खोटं खोडायला पण आधी काहीतरी स्वतःचं लिहावं लागतं. जेवण वाढलंय म्हणतायत, प्रश्न पंगतीत विचारा, भांडायचं असेल त्यांनी माझ्या शेजारी बसा.