ऑनसाइड किक: मोडली कुठे आणि जोडायची कुठून

मंडळी, सामना संपायला दीड मिनिट उरलंय. अकरा गुणांनी मागे असलेल्या संघाने टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळवले, वरचे दोन गुणही पदरात पाडले, तरी तीन गुण कमीच. आणि अमेरिकन फुटबॉलचा नियम असा की ज्याने गुण मिळवले त्यानेच किक मारून चेंडू समोरच्याच्या हवाली करायचा. आपले टाइमआउट संपलेले असतील, तर समोरचा क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन चाल खेळवणारा गडी) तीनदा गुडघा टेकतो आणि घड्याळ संपवून टाकतो. या कोंडीतून सुटायची वाट एकच, ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू आपणच परत मिळवावा म्हणून मारलेली आखूड किक.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ही किक आपल्या अर्ध्यातल्या ठरलेल्या रेषेवरून होते. चेंडू 10 यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे गेला किंवा त्याआधीच प्रतिस्पर्ध्याचा हात लागला, की तो दोघांचाही. मारणाऱ्या संघाला तो ताब्यात घेता येतो, घेऊन पळता मात्र येत नाही. (शब्द रग्बीतून आलेला आहे. तिथेही सामना सुरू करणारी किक 10 मीटर जावी लागते आणि मारणारा संघ ती झेलायला उड्या घेतो.)

आता ही किक अवघड का, ते पाहू. चेंडू सरळ हवेत उडवला तर समोरचा हात वर करून फेअर कॅच, म्हणजे कुणी न अडवता झेलायचा हक्क, मागतो आणि खेळ खलास. म्हणून किकर चेंडूच्या वरच्या भागावर पाय मारून तो आधी जमिनीवर आपटवतो. एकदा जमिनीला लागला की फेअर कॅचचा हक्क गेला. लंबगोल चेंडू एकदोनदा बुटका टप्पा घेतो आणि मग अचानक उंच उसळतो. त्या उसळीच्या वेळात आपली माणसं तिथे पोचायला हवीत. उसळी बसली नाही तर चेंडू सरपटत जातो आणि समोरचा निवांत त्याच्यावर आडवा होतो. जोर जास्त झाला तर चेंडू मागच्या फळीकडे जातो. कमी पडला आणि शेवटची पाच मिनिटं चालू असतील, तर दुसरी संधी नाही, चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याचा.

समोरच्या बाजूलाही शिस्त लागते. पुढच्या फळीने अडवायचं, मागच्याने झेलायचं. जानेवारी 2015 मध्ये सिअॅटलविरुद्ध ग्रीन बेच्या ब्रँडन बॉस्टिकने मागे जॉर्डी नेल्सन उभा असताना स्वतःच उडी घेतली. चेंडू हातातून निसटला आणि सिअॅटलने तो सामना जादा वेळेत 28-22 असा जिंकला.

या किकचं कंबरडं मोडलं 2018 मध्ये, आणि तेही दुसऱ्याच कामाच्या ओघात. किकऑफवर (खेळ सुरू करून देणाऱ्या किकवर) डोक्याला होणाऱ्या इजा कमी करायच्या होत्या, म्हणून मारणाऱ्या संघाला धावत येऊन वेग घेण्याची बंदी झाली. सगळ्यांनी रेषेपासून एका यार्डाच्या आत उभं राहायचं, किकरच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच. पूर्वी एका बाजूला सहा जण लावता यायचे, तेही गेलं. चेंडू तेवढ्याच वेळात उसळतो, माणसं मात्र उशिरा पोचतात. आदल्या हंगामात पाचांतली एखादी किक साधायची. 2018 मध्ये 52 प्रयत्नांत चार साधल्या. 2021 मध्ये समोरच्यांनी जवळच्या पट्ट्यात नऊच माणसं ठेवावीत अशी मर्यादा आली. तरीही 2024 मध्ये 50 पैकी फक्त तीन.

त्याच 2024 मध्ये गनिमी कावाही संपला. नव्या किकऑफमध्ये मारणाऱ्या संघाचे दहा जण आधीच पलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या 40 यार्डांवर उभे असतात. त्या रचनेतून ऑनसाइड जमतच नाही. म्हणून 2024 च्या नियमाप्रमाणे पंचांना आधी सांगून जुन्या रचनेत यायचं होतं, तेही फक्त पिछाडीवरच्या संघाने आणि फक्त चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये. फेब्रुवारी 2010 च्या सुपर बोलमध्ये, एनएफएलच्या अंतिम सामन्यात, न्यू ऑर्लिन्सने 6-10 असं मागे असताना दुसऱ्या अर्धाची सुरुवातच ऑनसाइडने केली होती. थॉमस मॉरस्टेडची किक, ख्रिस रीसने दाबून धरलेला चेंडू. 2024 च्या त्या नियमात ते घडूच शकलं नसतं.

यावर सुचवला जाणारा पर्याय म्हणजे किक सोडा, एक डाउन, म्हणजे एकच चाल खेळा. ठरलेले यार्ड तेवढ्यात पार केले तर चेंडू आपल्याकडेच. कल्पनेचं मूळ कॉलेज फुटबॉलमध्ये आहे. 2010 मध्ये किकऑफवर रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड पक्षाघाताने जायबंदी झाला. त्यानंतर त्याचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी किकऑफच काढून त्याजागी चौथा, म्हणजे शेवटच्या संधीचा डाउन आणि 15 यार्ड द्यावेत असं सुचवलं. एनएफएलमध्ये 2019 ला डेन्व्हरने आपल्या 35 वरून, 2020 ला फिलाडेल्फियाने 25 वरून तोच 15 यार्डांचा डाउन मागितला. 2024 ला फिलाडेल्फियाने 20 वरून 20 यार्डांचा मागितला. 32 पैकी 24 मतं लागतात. मंजुरी एकालाही मिळाली नाही. एएएफ या अल्पजीवी लीगने मात्र 2019 मध्ये 28 वरून 12 यार्ड असा नियम प्रत्यक्ष चालवला.

रेषेचा आकडा किरकोळ समजू नका. प्रयत्न फसला तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. फील्ड गोलचं, म्हणजे गोलपोस्टमधून किक मारून तीन गुण मिळवण्याचं, अंतर काढायला त्यात 17-18 मिळवा, दहा यार्ड मागे असलेल्या गोलपोस्टचे आणि उरलेले चेंडू मागे ठेवण्याचे. डेन्व्हरच्या प्रस्तावात 52-53 यार्डांची किक होते, फिलाडेल्फियाच्या पहिल्या प्रस्तावात 42-43, दुसऱ्यात 37-38. म्हणजे रेषा मागे नेली की जुगार महाग होत जातो, आणि हे योग्यच आहे.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. बचावपटूने चेंडूविना खेळाडूला धरलं, तर दंड पाच यार्डांचा असतो, पण सोबत आपोआप पहिला डाउन मिळतो, म्हणजे चेंडू आपल्याकडेच राहून नव्या चाली मिळतात. म्हणजे 15 काय, 20 यार्डही पंचांच्या एका पिवळ्या रुमालावर पार होतील. दीड मिनिट उरलेल्या सामन्यात तो रुमाल पडला किंवा नाही पडला, दोन्हीकडून बोंब होणार. शिवाय ज्याच्याकडे आधीच भारी क्वार्टरबॅक, त्यालाच आणखी एक हुकमाचा पत्ता. ऑनसाइड किकमध्ये एरवी कुणाला नावही ठाऊक नसलेला अकरावा गडी सामना फिरवतो. ही चव त्या डाउनला नाही.

आणि दुरुस्तीची जागा 2024 च्या नियमानेच मोकळी केली आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. किक आधी जाहीर होते. मग तिचा नियम साध्या किकऑफपासून वेगळा लिहायला अडचण काय? धाव परत द्या असं मी म्हणणार नाही. वर चेंडूकडे पाहणाऱ्या माणसावर वेगात आदळणं, ते बंद झालं ते बरंच झालं. पण उभ्या जागेवरून सुटणारे सहा जण एका बाजूला लावू द्या आणि समोरच्यांना जवळच्या पट्ट्यात नवाऐवजी सातच ठेवू द्या. मग त्यांना अडवणारे कमी पडतील आणि कुठली बाजू उघडी ठेवायची ते ठरवावं लागेल. एक हंगाम प्रयोग म्हणून चालवा. दहातल्या दोन किक साधू लागल्या, तर चौथ्या डाउनची मागणी कितीजण करतील ते तेव्हा पाहता येईल.