अक्षर उमटायला उशीर कुठे होतो?

लांबच्या सर्व्हरवर टाइप करताना अक्षरं अडखळायला लागली, की आपण आधी नेटला शिव्या देतो आणि मग एसएसएच (लांबच्या मशीनला जोडून तिथे कमांड चालवू देणारा प्रोग्राम) याच्या कॉन्फिग फाइलमध्ये कुठून तरी उचललेल्या चार ओळी चिकटवतो. उशीर कुठे होतोय हे त्याआधी पकडा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुम्ही दाबलेलं अक्षर सर्व्हरपर्यंत जातं, तिथून परत येतं आणि मगच स्क्रीनवर उमटतं. म्हणून पहिली चाचणी अशी: एंटर दाबा, मग टिल्ड (~), मग प्रश्नचिन्ह. टिल्ड लगेच दिसणार नाही, कारण एसएसएच पुढच्या अक्षराची वाट बघतं. नंतर येणारी मदतीची यादी तुमच्याच मशीनवरचं एसएसएच छापतं, सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. हीसुद्धा रखडत आली, तर आधी आपला टर्मिनल आणि आपलं मशीन तपासा.

यादी झटकन आली? मग सर्व्हरवर नुसतं 'कॅट' (cat) लिहून एंटर मारा आणि काहीही टाइप करत राहा. आता अक्षर परत पाठवतो तो कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, मध्ये येत नाही. इथे अक्षरं सुरळीत आणि प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या ओळीवर) मात्र अडखळत असतील, तर शेलचे प्लगिन एकेक करून बंद करा. टायपिंग ठीक, पण एंटरनंतर प्रॉम्प्टच उशिरा येतो? बहुधा तो दरवेळी गिटला (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) स्थिती विचारत असतो. रेपो (गिट सांभाळतं ते कोडचं फोल्डर) मोठा आणि होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, मग तर विचारूच नका. (कॅटमधून कंट्रोल-सीने बाहेर या.)

कॅटमध्येही उशीर होत असेल, तर पिंग (ping, सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मोजणारी कमांड) लावा. आकडे २० वरून ३०० मिलिसेकंदांवर उड्या मारत असतील, तर वाय-फाय सोडून केबल लावून बघा. आकडा स्थिर पण मोठा असेल, तर अंतर आडवं येतंय. मुंबईहून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. नुसतं जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद! केबल वळणावळणाने जाते, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या आसपास धरा. कॉम्प्रेशन चालू करून यात काडीचा फरक पडत नाही, एका अक्षरात दाबायला असतंच काय?

इथे एसएसएचऐवजी वापरायचं मॉश (mosh) कामाला येतं. ते अक्षर अंदाजाने आधीच दाखवतं, उशीर जास्त असेल तर खाली रेघ मारून. सर्व्हरवर मॉश हवं आणि फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधले यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) पोर्ट उघडे हवेत. स्क्रोल करून मागचं बघता येत नाही, म्हणून आत टीमक्स (tmux, मागचा मजकूर जपून ठेवणारा प्रोग्राम) चालवा.

लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी) धो-धो वाहतोय आणि कंट्रोल-सी ऐकत नाही, हा आजार वेगळा. प्रोग्राम केव्हाच थांबलेला असतो. वाटेतल्या बफरांत साठलेला मजकूर अजून येत असतो. असा लॉग पानापानाने दाखवणाऱ्या 'लेस'ने (less) उघडा, किंवा सर्व्हरवरच हव्या तेवढ्या ओळी शोधणाऱ्या 'ग्रेप'ने (grep) गाळून घ्या.