आठ नंबर म्हणजे नेमका केवढा?

समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या हाताला चामड्याचा वास आहे, त्यामुळं कोल्हापुरी चपलेच्या प्रकारांत कापशी म्हणजे काय आणि पुकरी म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. त्यात तुम्हीच मला चार गोष्टी शिकवाल. मी चप्पल करत नाही. आमच्या घरी ती आबा, म्हणजे माझे सासरे, आणि दीर करतात. मी ती कॉम्प्युटरवर मांडते. एकाच चपलेचे सात नंबर आणि तीन रंग ऑनलाइन दुकानात कसे लावायचे, ज्याला व्हेरिएशन म्हणतात, त्याबद्दल आज बोलायचंय.

सुरुवातीला मी प्रत्येक जोडाचं वेगळं पान केलं होतं. कापशी, टॅन रंग, आठ नंबर, हे एक पान. नऊ नंबर, दुसरं पान. फोटो तोच, मजकूर तोच, फक्त आकडा बदललेला. एकवीस पानं झाली. गिऱ्हाइकाला तीच चप्पल एकवीस वेळा दिसायची आणि त्याचा नंबर मात्र सापडायचा नाही. आबा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘‘चप्पल एकच की गं पोरी, पाय वेगळा.’’ मला नंतर जे तासन्‌तास व्हिडिओ बघून कळलं, ते त्यांनी तिथंच सांगितलं होतं.

ॲमेझॉनच्या भाषेत याला पेरेंट आणि चाइल्ड म्हणतात. रेशन कार्ड डोळ्यांसमोर आणा. कार्ड कुटुंबाचं, नावं आतल्या माणसांची. पेरेंट हे नुसतं कार्ड. त्याला किंमत नसते, साठा नसतो, ते कुणाला विकत घेता येत नाही. विकले जातात ते आतले चाइल्ड, आणि त्या प्रत्येकाचा कोड, किंमत, साठा, फोटो वेगळा. दुसऱ्या दुकानांत शब्द बदलतात, मांडणी साधारण हीच. कुटुंब कशावरून फुटणार, नुसत्या नंबरावरून की नंबर आणि रंग दोन्हींवरून, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. मागाहून ते बदलणं म्हणजे भिंत बांधून झाल्यावर दार सरकवणं. आज एकच रंग असला आणि पुढच्या दिवाळीत दुसरा आणायचा विचार असला, तरी पहिल्याच दिवशी दोन्ही रकाने घ्या.

आता या कार्डावर कुणाचं नाव घालायचं? इथं मोह होतो. एखाद्या कापशीला शंभरभर चांगले अभिप्राय मिळालेले असतात आणि नव्या पायताणाला, म्हणजे वेगळ्या घाटाच्या चपलेला, एकही नसतो. मग वाटतं, पायताणही त्याच कुटुंबात ढकलावं, म्हणजे तेही जुन्या चांदण्यांच्या उजेडात चमकेल. करू नका. मी एक कसोटी लावते. आठ नंबरच्या माणसानं लिहिलेला अभिप्राय नऊ नंबरवाल्यानं वाचला, तर तो त्याला लागू पडतो का? पट्टा मऊ आहे, अंगठा घासत नाही, शिलाई टिकली. पडतो. मग ते एक कुटुंब. पण कापशीबद्दलचा अभिप्राय वाचून पायताण घेणाऱ्याला काय कळणार? बाजूचे कान वेगळे, वजन वेगळं, चाल वेगळी. ती दुसरी चप्पल आहे, तिला दुसरं पान.

ही नुसती सभ्यतेची गोष्ट नाही. अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या ‘द बाउंटिफुल कंपनी’नं ॲमेझॉनवर आपली नवी उत्पादनं जुन्या, खपाऊ उत्पादनांची व्हेरिएशन म्हणून जोडली होती, म्हणजे अभिप्राय आणि बेस्टसेलरचा बिल्ला आयता मिळावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, तिच्यावर कारवाई केली आणि ६ लाख डॉलर भरायला लावले. तेवढ्या पैशात आपली आख्खी गल्ली चप्पल करायची थांबेल.

याच कसोटीवर आणखी एक गोष्ट पडते. मटेरियल म्हणून रकाना असतो, आणि काहीजण त्यात चामडं आणि रेक्झीन शेजारी शेजारी लावतात. वर नाव ‘कोल्हापुरी’. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतल्या चामड्याच्या कारागिरीला. रेक्झीनचा जोड विकायचा तर विका, पण स्वतःच्या नावानं. त्याला आपल्या कार्डावर घेतलं, की चामड्याच्या जोडाचे अभिप्राय तो खातो आणि त्याचे शिव्याशाप आपल्या वाट्याला येतात.

आता नंबराकडं येते, कारण माझं सगळ्यांत जास्त नुकसान त्यानं केलंय.

तुम्हाला वाटतं आठ म्हणजे आठ. मलाही वाटायचं. आपण जो नंबर सांगतो तो ब्रिटिश मापाचा. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबर, तो बेचाळीस-त्रेचाळीसवाला, त्यात एका नंबराचा फरक दोन तृतीयांश सेंटीमीटर, म्हणजे पावणेसातच्याही आत. दोन जिन्यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या आहेत. मधल्या एका पायरीवर ते जुळतात, आठ म्हणजे बेचाळीस, आणि तिथून दोन्हीकडं सरकत जातात. सहापासून दहापर्यंत आपल्या चार पायऱ्या होतात, तेवढ्याच लांबीत युरोपच्या पाच. मी मात्र तक्ता करताना सहा समोर चाळीस, सात समोर एक्केचाळीस, असं ओळीनं लिहीत गेले. लहान आणि मोठ्या नंबराचे जोडच जास्त परत का येतात, हे मला पहिलं वर्षभर उलगडलं नाही.

पण तीही चूक परवडली. खरी गंमत पुढंच आहे. एका लग्नसराईत मागणी वाढली म्हणून मी आमच्या जोडांबरोबर शेजारच्या घरचा मालही त्याच व्हेरिएशनखाली लावला. तीच कापशी, तोच रंग, तोच आठ नंबर. परत येणाऱ्या जोडांचा ढीग लागला, आणि कारण प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो मोठी, दुसरा म्हणतो लहान. शेवटी आबांनी दोन आठ नंबर एकमेकांवर ठेवले. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. शेजाऱ्यांचा आठ त्यांच्या आज्याच्या कापणीवरून आलेला, आमचा आमच्या. दोघांचाही बरोबर, पण पानावर तो एकच आकडा. चूक माझी होती. व्हेरिएशनच्या रकान्यात तुम्ही ‘आठ’ लिहिता, तेव्हा ज्याला तुम्ही कधी भेटणार नाही अशा माणसाला शब्द देता, की या खणातून निघणारा प्रत्येक जोड सारखाच असेल. दोन घरांचा माल एका खणात टाकायचा असेल, तर आधी दोन्ही घरांचे नमुने एकावर एक ठेवा.

त्या दिवसापासून आम्ही नंबराशेजारी तळाची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहितो, आणि पट्ट्याखालची रुंदीही. रुंदी का? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅनरनं मोजले, भारतीय पायाचं स्वतःचं माप ठरवण्यासाठी. त्यातून निघालं की आपले पाय युरोप-अमेरिकेच्या पायांपेक्षा रुंद आहेत. अनवाणी चाललेल्या लोकांना हे सांगायला स्कॅनर लागू नये, पण कागदावर आलं ते बरं झालं. पुरुषांचा आणि बायकांचा आठ नंबर मी एका कुटुंबात ठेवत नाही, तोही याच कारणानं. आकडा एक, रुंदी दुसरी.

रंगाचं दुखणं वेगळं. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं दर खेपेला थोडं निराळं उतरतं, आणि वापरता वापरता, तेल-ऊन लागून गडद होत जातं. गिऱ्हाइकानं पाहिलेला फोटो पहिल्या दिवसाचा. आम्ही एकाच टॅनला ‘हलका टॅन’ आणि ‘टॅन’ असे दोन रंग केले होते, खेप बघून. नुसता घोळ. आता रंग एकच, आणि फोटोंत नवा जोड, शेजारी वर्षभर वापरलेला जोड. परतीची तक्रार बंद नाही झाली, पण ‘फसवलं’ हा शब्द बंद झाला.

हिशेब फार पटकन फुगतो, तेवढं ध्यानात ठेवा. सात नंबर, तीन रंग, एकवीस खण. त्यात ‘वेणीसह’, म्हणजे वर चामड्याची वेणी असलेली, आणि ‘बिनवेणी’ घातलं की बेचाळीस. प्रत्येक खणात निदान दोन जोड ठेवायचे म्हटले तर चौऱ्याऐंशी जोड, विकले जाण्याआधी, घरात. हातानं काम करणाऱ्या घरात एवढं भांडवल अडकवून कसं चालेल? मधले नंबर पळतात, टोकाचे झोपतात. टोकाचे नंबर आम्ही ऑर्डर आल्यावर करतो आणि पाठवायची मुदत तिथं जास्त दिवसांची ठेवतो. मुदत प्रत्येक चाइल्डला वेगळी लावता येते, हे कितीजणांना माहीतच नसतं. आणि एखादा खण रिकामा झाला की पान पुसू नका, साठा शून्य करा. पुसलं की त्याचा सगळा इतिहासही जातो. जुना कोड नव्या मालाला तर कधीच देऊ नका.

कोडावरून आठवलं. हे सगळं आपण एक्सेलमध्ये भरून चढवतो, आणि एक्सेलचं डोकं स्वतःचं चालतं. मी लहान मुलांच्या नंबरांचा गट ‘८-१०’ असा लिहिला, तर त्यानं त्याची तारीख करून टाकली. शून्यानं सुरू होणाऱ्या कोडाचं शून्य खाल्लं. आणि ८९० नं सुरू होणारा तेरा आकडी बारकोड ‘८.९ई+१२’ करून ठेवला. आधी तो आख्खा कॉलम टेक्स्ट करून घ्या, मग लिहायला बसा. कोड असा करा, की वाचून घरातल्या कुणालाही खोका काढता यावा. आमचा ‘केएपी-एम-टीएन-०८’ असा असतो: कापशी, पुरुष, टॅन, आठ. खोक्यावर आबांसाठी मराठीतच लिहिलंय.

कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. एकाच कुटुंबातली बिनवेणी रेषेखाली आणि वेणीची रेषेच्या वर जाऊ शकते. कर धरून अडीच हजाराचा जोड गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडतो, आणि मूळ किमतीत एक रुपया वाढवला की २,६२५ चा २,९५१ होतो. वेणीच्या जोडाची किंमत ठरवताना हे आधी बघा.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय: वाजणारी चप्पल कशी लावायची? तळाच्या थरांत बी घालून केलेली, कर्र कर्र करणारी. मीही शोधलं. नंबर आहे, रंग आहे, मटेरियल आहे, टाचेची उंचीसुद्धा आहे, पण आवाजाचा रकाना जगातल्या कुठल्या बाजारात मला सापडला नाही. एकानं ती न वाजणारीच्या कुटुंबात ‘स्टाइल दोन’ म्हणून लावली होती. गिऱ्हाईक घाबरलं, म्हणालं, चप्पल तुटलीय. म्हणून तिला स्वतंत्र पान, आणि पहिल्याच जागी दहा सेकंदांचा व्हिडिओ, नुसता चालण्याचा.

मागच्या टेबलावर कोरे कागद, पेन्सिली आणि पट्टी ठेवलीय. ज्यांनी जोड आणलेत त्यांनी आपापला आठ नंबर कागदावर उभा-आडवा आखून घ्या, मी चहानंतर सगळ्यांचे एकमेकांवर ठेवून बघणार आहे.