नवा डॉक्टर गावात का थांबत नाही?

नमस्कार, श्रोतेहो.

आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर येतो, ओळख होते न होते तोच बदली करून घेतो. 'पैशाच्या मागे गेला,' असं आपण म्हणून टाकतो. पैसा लागतोच. पण या मुलामुलींशी बोलताना मला वेगळंच ऐकू येतं.

साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना पुढे वर्षभराचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा. मग तेविशी-चोविशीतली एखादी मुलगी गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात किंवा अमरावतीच्या मेळघाटात रुजू होते. आदिवासी भागात २० हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. रात्री अडलेली बाळंतीण येते. सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं. त्या केंद्रात यातलं काही नसतं. पुढे पाठवावं, तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. बाईचं बरंवाईट झालं तर नातेवाईक जाब विचारणार तो या मुलीला. कॉलेजात अडलं की सर होते; इथे विचारायला कुणी नाही. ही भीती मला पगारापेक्षा मोठी वाटते.

शिवाय पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं एमडी-एमएसचं शिक्षण. नुसत्या एमबीबीएसला आपणच अर्धा डॉक्टर समजतो, लग्न जुळवतानासुद्धा! ओपीडी सांभाळून त्याच्या प्रवेश परीक्षेचा, नीट-पीजीचा, अभ्यास होत नाही, म्हणून मुलं पुण्या-नागपुरात खोली घेऊन राहतात. काही जण प्लॅब ही तिथली डॉक्टरांची परीक्षा देऊन इंग्लंड गाठतात. तिथे काम करता करता शिकवणारे वरिष्ठ मिळतात, ही ओढ असते.

आता जे थांबले त्यांच्याकडे बघा. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे. गडचिरोलीत १९८६ पासून अभय आणि राणी बंग. त्यांच्या त्यागाचं आपण भरभरून कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पण ही सगळी डॉक्टर जोडपी आहेत, हे आपल्या ध्यानात येत नाही. रात्री पेशंटजवळ बसून 'आता काय करू या?' असं विचारायला त्यांना माणूस होतं.

म्हणून एका केंद्रात दोन डॉक्टर एकत्र नेमा, जिल्ह्याच्या तज्ज्ञानं रात्री फोन उचलावा, क्वार्टरला पाणी द्या, अशी मागणी आपण करू या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा.