मोसुल सुटलं, पण माणसं?

एक भिंत डोळ्यासमोर आणा. रंगाने एक अक्षर काढलंय, अरबी 'नून', नसरानी (म्हणजे ख्रिश्चन) या शब्दातलं पहिलं, म्हणजे घर ख्रिश्चनाचं, आणि बाजूला लिहिलंय की ही प्रॉपर्टी आता इस्लामिक स्टेटची, म्हणजे इसिस या दहशतवादी संघटनेची. जुलै 2014, इराकमधलं मोसुल. महिनाभर आधी, 10 जूनला, इराकी सैन्य शहर सोडून पळालं आणि इसिसला एवढं मोठं शहर आयतं मिळालं. मग फर्मान निघालं, मुसलमान व्हा, जिझिया भरा, नाहीतर निघून जा, यातलं काहीच नाही केलंत तर तलवार. मुदत 19 जुलै, दुपारी 12 पर्यंत.

लोक निघाले. वाटेत नाक्यावर पैसे, दागिने, बोटातली अंगठीसुद्धा काढून घेतली.

पण सगळं इसिसच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही बरं का. 2003 ला अमेरिका घुसली, सद्दाम गेला (तो काही संत नव्हता), सैन्यच बरखास्त केलं, आणि मग ज्याच्या हातात बंदूक त्याचं राज्य. ख्रिश्चनांच्या मागे ना टोळी ना मिलिशिया (सैन्याबाहेरचं सशस्त्र दल), त्यामुळे पळवायला सोपे, खंडणीला सोपे, वर अमेरिकेची माणसं म्हणून शिक्का. 2008 मध्ये मोसुलचे आर्चबिशप पौलोस फराज रह्हो यांना पळवलं, दोन आठवड्यांनी मृतदेहच मिळाला. 31 ऑक्टोबर 2010 ला बगदादच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना हल्ला झाला, 50 हून जास्त माणसं गेली. म्हणजे मोसुल पडायच्या आधीच अर्ध्याहून जास्त ख्रिश्चन देश सोडून गेले होते.

आता कराकोश. मोसुलजवळच्या निनवेच्या मैदानातलं मोठं ख्रिश्चन गाव, घरात अजून अरामी बोली बोलतात. 2014 च्याच 6 ऑगस्टच्या रात्री गावाची राखण करणारे कुर्दांचे सैनिक, पेशमर्गा, मागे हटले, इसिस आत आली आणि हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी कुर्दांच्या एर्बिल शहराकडे पळाली, तिथे चर्चच्या आवारात, अर्धवट बांधलेल्या मॉलमध्ये राहिली. त्याच दिवसांत सिंजार भागात यझिदी या छोट्या धर्माच्या लोकांचं जे झालं, पुरुषांची कत्तल, बायकांना गुलामी, ते तर याहून भयंकर, आणि विरोध करणारे मुसलमानही इसिसने सोडले नाहीत.

2016 च्या ऑक्टोबरमध्ये कराकोश इसिसच्या ताब्यातून सुटलं. मोठं चर्च आतून जळालेलं, अंगणात इसिसवाले नेमबाजीची प्रॅक्टिस करायचे. पैसा आला, डागडुजी झाली, मार्च 2021 मध्ये पोप फ्रान्सिससुद्धा येऊन गेले. चर्च बांधून होतं हो, पण आपलं घर लुटायला ओळखीचेच लोक आले होते असं परतलेले सांगतात, त्यावर कुठला फंड आणणार? नाक्यांवर आजही मिलिशिया, हाताला काम कमी, जमिनीचे वाद वेगळेच. गावातली निम्मीच कुटुंबं परत आली. त्यात सप्टेंबर 2023 मध्ये लग्नाच्या हॉलला आग लागली, 100 हून जास्त गेले. तो हल्ला नव्हता, हॉलची सेफ्टीच धड नव्हती, पण राहिलेल्यांमधल्या काहींनी तेव्हाच बॅगा भरल्या. ऑस्ट्रेलिया, स्वीडन, डेट्रॉइट, नातेवाईक आधीच तिकडे आहेत, व्हिसा आला की अजून एक घर रिकामं.